गाडी पूल ओलांडेपर्यंत

वीब्केला कोलोनमध्ये येऊन आठवडाही झाला नव्हता, तोच गेरेऑनने तिच्यासाठी एका माणसाचं तोंड ताटात आपटलं.

आयगेलश्टाइन भागातल्या एका तुर्की खानावळीत ती दोघं बसली होती. शेजारच्या टेबलावरून उठलेल्या एका आडदांड माणसाने जाता जाता वीब्केच्या कमरेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. गेरेऑनने घास संपवला, तोंड पुसलं, उठला, आणि त्या माणसाची मानगूट धरून त्याला समोरच्या ताटात असा हाणला की ताटाचे दोन तुकडे झाले. दह्यात रक्त मिसळलं. माणूस नाक धरून बाहेर पळाला. गेरेऑन हात धुऊन आला आणि म्हणाला, "काय चहाबाई, आवडलं का शहर?"

मालकाने स्वतः येऊन पाकात मुरलेला गोड बकलावा ठेवला. मागच्या टेबलावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि वीब्केला ते आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आजवर तिच्यासाठी कोणी साधा आवाजही चढवला नव्हता. ती पार उत्तरेकडची, पूर्व फ्रिसलंडच्या पाणथळ गावातली. तिथे गाय चरात पडली की चार दिवस गावाला विषय पुरतो. तिथली माणसं दिवसभर चहा पितात, म्हणून गेरेऑनने पहिल्याच दिवशी तिचं नाव चहाबाई ठेवलं होतं.

ती वीस वर्षांची, पत्रकारिता शिकणारी. उन्हाळ्यापुरती एका शहरी साप्ताहिकात उमेदवारी करायला आली होती. 'कुठे खावं, कुठे जावं' हे पान गेरेऑन प्युट्स कैक वर्षं एकहाती लिहीत होता, आणि तिला त्याच्याच हाताखाली दिलं होतं. खोली मिळेना, तेव्हा त्याने निपेसमधल्या आपल्या घराची माळ्यावरची खोली देऊन टाकली. "मला 'तुम्ही' म्हणालीस तर भाडं दुप्पट," असा दम भरून.

गेरेऑन म्हणजे शहराचा लाडका. रस्त्याने चालताना दर दहा पावलांना कोणीतरी हाक मारायचं. त्याच्याबरोबर वीब्केने कोळशावरची कलेजी खाल्ली, ऱ्हाइनच्या काठावर तळलेले मासे बोटं चाटत खाल्ले, रेल्वेच्या कमानींखालच्या नाचघरांत घामाने निथळेपर्यंत नाचली. दाराशी गर्दी असली की गेरेऑन नुसता पुढे व्हायचा आणि दार उघडायचं. एकदा दारावरच्या पहारेकऱ्याने वीब्केला वयाचा दाखला मागितला, तर गेरेऑनने त्याचा कान पिळून त्याला गुडघ्यावर आणलं. वरून दोघं हसले. तीही हसली. पोरगी पार हुरळून गेली होती.

बिअरहॉलमध्ये मात्र पहिल्या दिवशी तिची फजिती झाली. इथे ग्लास रिकामा झाला की कोबेस न विचारता भरलेला आणून ठेवतो. कोबेस म्हणजे निळ्या एप्रनातला, गिऱ्हाइकाला मुद्दाम तुसडेपणाने बोलणारा वाढपी. थांबायचं असेल तर पुठ्ठ्याची चकती आपल्या ग्लासवर ठेवायची. तोंडाने नाही म्हटलेलं तो ऐकत नाही. वीब्केच्या गावी चहा पुरे झाला की कपात चमचा उभा करतात. तिने सवयीने सूपचा चमचा बिअरच्या ग्लासात उभा केला. ड्रीकेस नावाच्या म्हाताऱ्या कोबेसने चमचा काढला, तिच्या केसांत खोचला आणि नवा ग्लास ठेवला. "इथे औषध मिळत नाही, पोरी." अख्खं टेबल खिदळलं.

घरी मार्लीस होती, गेरेऑनची बायको. कोपऱ्यावरच्या दुकानात केस कापायची. पन्नाशीला आलेली, बारीक चणीची, बोलायला लागली की थांबायची नाही. शनिवारी ती बटाटे किसून तव्यावर कुरकुरीत धिरडी काढायची आणि वीब्केला समोर बसवून सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर खायला घालायची. "खा गं, हाडांवर मांस चढू दे. परत गेलीस की तुझी आई म्हणेल, कोलोनमध्ये दुष्काळ होता का?"

भर उन्हाळा असूनही ती लांब बाह्यांचे कपडे घालायची. वीब्केने ते पाहिलं आणि सोडून दिलं. खालून कधी काही आदळल्याचा आवाज यायचा. सकाळी मार्लीस सांगायची, कपाट सरकवत होतो. त्या घरात कपाटं फार सरकत होती. हुशार मुलगी होती वीब्के, पण जे कळून घ्यायचं नसतं ते हुशार माणसालाही कळत नाही.

मग जुलैत गेरेऑनला पलंगाखाली अर्धी भरलेली बॅग सापडली.

वीब्के पाणी प्यायला खाली उतरली होती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. गेरेऑन ओट्याला टेकून उभा होता आणि पुढच्या अंकाबद्दल बोलत होता, अगदी रोजच्या आवाजात. त्याची कंबर ओट्याखालच्या खणाला टेकलेली होती. मार्लीसचा हात त्या खणात होता, आणि गेरेऑन प्रत्येक वाक्यागणिक खण थोडा आणखी आत लोटत होता. मार्लीसच्या तोंडातून आवाज नव्हता. चावलेल्या ओठाच्या रक्ताने तिची हनुवटी लाल झाली होती.

"अगं ये ना," वीब्केला पाहून तो म्हणाला. "मीठ शोधतेय ही. सापडतच नाहीये."

वीब्के वर पळाली. दार लावून पलंगावर बसली. तिला आठवलं ते ताट, दह्यातलं रक्त आणि आपण खाल्लेला बकलावा. स्वतःची इतकी किळस तिला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मार्लीस हाताला पट्टी बांधून माळ्यावर आली.

"पोलिसांना फोन करते मी," वीब्के म्हणाली.

"पोलीस येतील आणि जातील. मी इथेच असेन ना." मार्लीस तिच्या शेजारी बसली. "ऐक. तो दिवसभर घरात बसून लिहितो. बाहेर पडतो तो फक्त संध्याकाळी, आणि ती बॅग सापडल्यापासून तासाभरात परत येतो. रोस्वीता, माझी बहीण, ऱ्हाइनच्या पलीकडे डोंगरात राहते, तिथल्या बेकरीत काम करते. बेकरीची गाडी तिला पाव पोचवून झाल्यावरच मिळते. गुरुवारी ती येईल. कपडे, शिलाई मशीन आणि आईचा फोटो घ्यायचा, बास. पण तासाभरात नाही होणार ते."

"मग?"

"मग तू त्याला बसवून ठेव. गाडीने पूल ओलांडला की मी तुला कळवते. नुसता 'पूल' म्हणून. त्यानंतर तो कुठेही जाऊ दे." तिने पट्टीचा हात वीब्केच्या गुडघ्यावर ठेवला. "या वेळी सापडले ना वीब्के, तर खण नसेल. जिना असेल."

गुरुवारी गेरेऑन खुशीत होता. बिअरहॉल खच्चून भरलेला, बाहेर अजून लख्ख ऊन. त्याने 'स्वर्ग आणि माती' मागवलं, म्हणजे सफरचंद आणि बटाट्याचा लगदा, वर तळलेलं रक्ताचं सॉसेज. पण तो खाईना. काट्याने सॉसेज टोचत बसला. कातडी फाटून काळा गर बाहेर येत होता. ड्रीकेस ग्लास ठेवत होता, गेरेऑन रिकामे करत होता, आणि मध्येच त्याने घड्याळ पाहिलं.

"चला. मार्लीस वाट बघत असेल." त्याने चकती उचलून ग्लासवर ठेवली.

वीब्केने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. अजून काहीच निरोप नव्हता. तेवढ्यात मागून कोणीतरी "गेरेऑन!" म्हणून ओरडलं. तो वळला, हात हलवला, दोन वाक्यं बोलला. वीब्केने बोटाने चकती ग्लासवरून खाली सरकवली. तो परत वळला तेव्हा ड्रीकेसने उघडा ग्लास पाहून भरलेला ठेवला होता.

"ड्रीकेस, आंधळा झालास का रे?"

"चकती ग्लासवर ठेवतात, मांडीवर नाही. पी मुकाट्याने," ड्रीकेस पुढे सरकत म्हणाला.

समोर ठेवलेला ग्लास परत करणारा कोलोनचा माणूस अजून जन्माला यायचाय. गेरेऑन प्यायला. त्याने पुन्हा चकती ठेवली. वीब्केने त्याला छतावरचं जुनं शिल्प दाखवून कोणी केलं म्हणून विचारलं, आणि तो वर बघत असताना चकती पुन्हा खाली आली. या वेळी ड्रीकेसने तिचं बोट पाहिलं. त्याने ग्लास ठेवला आणि निघून गेला.

आता गेरेऑनचे डोळे जड झाले होते. दारू त्याला सैल करत नसे, आवळत जायची. तो वीब्केकडे बघून हसला. "चहाबाई, आज तुला माझी फार माया आली आहे." तिसऱ्यांदा त्याने चकती ठेवली आणि मान वळवली, पण नुसती मानच वळवली. तिचा हात पुढे आला तसा त्याने तो झडप घालून धरला.

"कोणी सांगितलं तुला हे करायला?"

"कोणी नाही. अजून बसू या ना, गेरेऑन."

त्याने तिचा हात टेबलाखाली नेला. बघणाऱ्याला वाटावं, बाप लेकीचा हात धरून बसलाय. त्याने तिची करंगळी वेगळी केली आणि हळूहळू मागे वाकवायला सुरुवात केली.

"मार्लीस कुठे आहे?"

"घरी."

"काय करतेय?"

"मला... मला काय माहीत?"

तो वाकवत गेला. वीब्केला घाम फुटला. शेजारच्या टेबलावर गाणं सुरू झालं होतं, लोक एकमेकांच्या खांद्यांत हात घालून झुलत होते. तिला ओरडायचं होतं. पण ओरडलं की लोक येतील, लोक आले की तो उठेल, उठला की सायकलीवर टांग टाकून थेट घरी. तिने दात इतके आवळले की कान दुखले.

"शेवटचं विचारतो, पोरी. आहे का ती घरात?"

वीब्केने मोकळ्या हाताने चकतीला टिचकी मारली. ती ग्लासवरून उडून जमिनीवर पडली.

त्याच वेळी बोट मोडलं. काडी मोडावी तसा आवाज तिला स्वतःच्या हाडातून ऐकू आला. डोळ्यांसमोर अंधारी आली, आणि त्या अंधारीतून निळा एप्रन आला. ड्रीकेसने भरलेला ग्लास गेरेऑनसमोर ठेवला. तो वाकला, टेबलाखालचे हात त्याने पाहिले. वीब्केने त्याच्याकडे बघितलं. इतक्या आशेने तिने कधी कोणाकडे पाहिलं नसेल.

"घरची भांडणं घरी करावीत, गेरेऑन," ड्रीकेस म्हणाला, आणि ट्रे उचलून पुढच्या टेबलाकडे गेला.

ते ऐकून वीब्केला संताप आला. गेरेऑनचा नाही, त्याची तर नुसती दहशत होती. संताप आला त्या म्हाताऱ्याचा, झुलणाऱ्या खांद्यांचा, टाळ्या वाजवणाऱ्या हातांचा, आणि सगळ्यात जास्त नाचघराच्या दाराशी स्वतः हसली होती त्या हसण्याचा. हा माणूस एवढा माजला तो असाच, सगळ्यांनी मिळून माजवला म्हणून.

गेरेऑनने तिचा हात सोडला, कारण समोर भरलेला ग्लास होता. खरंच, फक्त त्यामुळे. मार्लीसचा हिशोब करायला तो निघाला होता, पण हात सवयीने ग्लासकडे गेला. तो एका दमात प्यायला. वीब्के मोडका हात छातीशी धरून बसली. त्याने ग्लास आपटला आणि उठला. खिशातून सायकलची किल्ली काढली.

टेबलावरचा तिचा फोन थरथरला. पडद्यावर एकच शब्द होता. पूल.

इथे तिने गप्प बसायला हवं होतं. फोन खिशात घालून बाहेर पडायला हवं होतं. मार्लीसने सांगितलंच होतं, नंतर तो कुठेही जाऊ दे. पण वीब्केला त्याला मारायचं होतं, आणि मारायला तिच्यापाशी एवढंच होतं.

"घाई नको करूस," ती म्हणाली. "गेली ती. कायमची."

पहिला तडाखा तोंडावर बसला. ओठ दातावर फाटला. दुसऱ्याने ती बाकासकट मागे कोसळली. टेबल उलटलं, ग्लास फुटले, सॉसेज आणि लगदा तिच्या छातीवर सांडला. तो तिच्यावर बसला आणि दोन्ही हातांनी गळा धरला. त्याच्या घामाचा वास, बिअरचा वास, आणि वर ते ओळखीचं, शहराच्या लाडक्याचं तोंड, वीतभर अंतरावर. तिने मोडक्या बोटाच्या हाताने त्याच्या डोळ्यात ओरबाडलं. नखाखाली काहीतरी ओलं लागलं. तो गुरासारखा ओरडला, पण हात सैल केले नाहीत. गाणं बंद पडलं होतं. तिला कळत होतं की लोक बघतायत. नुसते बघतायत.

मग घण्णकन आवाज झाला. ड्रीकेसने पितळी ट्रे दोन्ही हातांनी गेरेऑनच्या डोक्यात घातला होता. एकदा, आणि मग पुन्हा, आणि मग गरज नसताना आणखी एकदा. चौघांनी त्याला ओढून बाजूला केलं, त्यातल्या एकाने पोटात लाथही घातली. आता सगळ्यांनाच हात साफ करायचा होता.

गेरेऑन फुटक्या काचांत बसला. एक डोळा मिटलेला, कानातून रक्ताचा ओघळ. त्याने इकडेतिकडे पाहिलं, जणू हरवलेलं पोर. आणि तो रडायला लागला.

"मार्लीस," तो म्हणाला. मग मोठ्याने, "मार्लीस! मार्लीस गं! बोलवा रे तिला कोणीतरी! मी काही करणार नाही, माझ्या आईची शपथ! मार्लीस!"

भरल्या हॉलमध्ये तो आवाज घुमत राहिला. आणि वीब्केने पाहिलं ते फार वाईट होतं. लोकांचे चेहरे मऊ झाले. एका बाईने डोळे पुसले. आत्ताच लाथ घालणारा माणूस त्याच्याजवळ उकिडवा बसला, आणि ड्रीकेसने ट्रे खाली ठेवून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पोलीस येईपर्यंत शांत हो, गेरेऑन. येईल ती. बायका येतात परत."

गळ्यावर बोटांचे वळ घेऊन वीब्के काचांत तशीच पडली होती. तिला उठवायला मग दोन परकी मुलं आली, स्पॅनिश बोलणारी.

दवाखान्यात ओठाला टाके पडले, बोट फळीला बांधलं गेलं. महिला पोलिसाने जबाब घेतला, त्याला आज सोडणार नाही असं सांगितलं. वीब्के बाहेरच्या बाकावर बसली होती तेव्हा फोन वाजला. मार्लीसच होती.

"पोचले गं मी. मशीनपण आणलं. रोस्वीताने वरची खोली दिलीये. तू बरी आहेस ना? आवाज असा का येतोय तुझा?"

"थंडी बाधली," वीब्के म्हणाली. बोलताना टाके ओढत होते. तिला वाटलं, आता ती हसेल, सुटले म्हणेल.

 पण मार्लीस हळू आवाजात म्हणाली, "वीब्के, त्यानं काही खाल्लं होतं का गं? रिकाम्या पोटी प्यायला की त्याला फार त्रास होतो."

वीब्केच्या डोक्यात तिडीक उठली. फोन भिंतीवर फेकून मारावा असं वाटलं. या बाईसाठी आपण बोट मोडून घेतलं! पण रागाच्या पाठोपाठ भीती आली, आणि ती भीती हॉलमधल्यापेक्षा मोठी होती. मार्लीस त्या वरच्या खोलीत दाराशी उभी असणार, पायांतले बूटही काढले नसणार. बेकरीची गाडी पहाटे पाव घेऊन पुन्हा शहरात येते. तो जमिनीवर बसून तिच्या नावाने टाहो फोडत होता, एवढं एक वाक्य पुरेल, आणि ही त्या गाडीत बसेल. मग जिना असेल.

"खाल्लं की," वीब्के म्हणाली. "पोटभर खाल्लं. वरून आणखी मागवलं."

"बरं. बरं झालं." पुन्हा तो हळू आवाज. "आणि कळल्यावर... माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"नाही."

"काहीच नाही?"

"खांदे उडवले आणि पुढचा ग्लास मागवला," वीब्के म्हणाली. "तुझं नावसुद्धा काढलं नाही, मार्लीस."

 पलीकडून जो आवाज आला तो वीब्केने त्या स्वयंपाकघरातसुद्धा ऐकला नव्हता. खणात हात चिरडतानाही ही बाई गप्प होती. आता मात्र ती लहान मुलासारखी मोठ्याने रडत होती. वीब्केने फोन कानाला घट्ट धरला. ते रडणं थांबेपर्यंत ती ऐकत राहिली, आणि तिने एकही शब्द मागे घेतला नाही.